जानेवारीत मोगरा? अभिनंदन कसलं करताय!

हिवाळ्यासाठी मराठी वर्तमानपत्रांची चार वाक्यं ठरलेली आहेत. निफाड गारठलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. नाशिककरांना हुडहुडी. ठिकठिकाणी शेकोट्या पेटल्या. बातमीदाराने फक्त पाऱ्याचा आकडा भरायचा, बाकी मजकूर गेल्या वर्षीचाच चालतो. अलीकडे पंचाईत अशी होते की शेकोटीचा फोटो छापून येईपर्यंत थंडीच निघून गेलेली असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दोन दिवस खाली उतरतो, तिसऱ्या दिवशी ढग येतात, चौथ्या दिवशी घरात पंखा दोनवरून चारवर जातो.

माणसांचं काही अडत नाही. ‘यंदा थंडी म्हणावी तशी पडलीच नाही’ असं एकमेकांना सांगत ती हुरडा खाऊन येतात. कपाटातल्या स्वेटरला तेवढी डांबरगोळ्यांची सोबत मिळते. खरी अडचण झाडांची. विशेषतः जी झाडं एका हंगामात संपत नाहीत, वर्षानुवर्षं त्याच कुंडीत, त्याच अंगणात उभी असतात त्यांची. मोगरा, गुलाब, जास्वंद, शेवंती, आंबा. झेंडू बिचारा फुलतो आणि जातो, त्याला पुढच्या वर्षाची चिंता नाही. मोगऱ्याला असते.

तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी गच्चीवर मोगऱ्याला चार फुलं येतात. लगेच बागप्रेमींच्या ग्रुपवर फोटो. खाली अंगठे, हृदयं, नमस्कार. ‘काकू, तुमच्या हाताला गुण आहे!’ काकूंच्या हाताला गुण असेलही, पण इथे हवेला ताप आहे. मोगरा आपल्याकडे हिवाळ्यात बसून राहतो. पाणी कमी करायचं, छाटणी करायची, त्याला पडू द्यायचं; मग ऊन तापायला लागलं की नवी फूट येते आणि त्या फुटीला कळ्या लागतात. फूल नव्या फुटीलाच, हे कुठलाही माळी सांगेल. आता जानेवारीत चार कळ्या दिसल्या की काकूंचं मन होत नाही. कळ्या असताना कात्री कशी लावायची? छाटणी लांबते, मग राहूनच जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये ज्या झाडाने ओंजळ भरून द्यायची ते गजऱ्यापुरतंही देत नाही. तेव्हा ग्रुपवर प्रश्न येतो, ‘मोगरा फुलत नाही, काय घालू?’ आणि काकांची एक पलटण केळीच्या सालीचं पाणी घेऊन तयारच असते.

हा सगळा भास आहे, पूर्वीही असंच व्हायचं, असं म्हणणारे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्यासाठी थोडे आकडे. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर गेला होता. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश होते. ते टोकाचे दिवस होते, मान्य. आता दुसरं टोक बघा. हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात उष्ण ऑक्टोबर २०२४ चा. सगळ्यात उष्ण वर्षही २०२४. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीचा उच्चांक झाला, आणि दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिवस-रात्र मिळून काढलेल्या सरासरीचा. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीला फेंगल चक्रीवादळ तिकडे पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबर उजाडताच इकडे आपल्या रात्री उबल्या. सांताक्रूझला दुपारी पारा ३७ अंशांच्या पुढे. डिसेंबरात! नाताळच्या टोपीखाली घाम.

याची तऱ्हा साधी आहे. आपली थंडी उत्तरेकडून येते, कोरड्या वाऱ्यांवर. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पहाटे गारठा पडतो. बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आलं, ढग आले, की ती ऊब खालीच कोंडते. दिवसापेक्षा रात्र जास्त बदलते. आणि झाडांचे बरेचसे निर्णय रात्रीच होतात.

झाडाच्या फायलीला दोन सह्या लागतात. एक उजेडाची, दुसरी तापमानाची. रात्र किती लांबली हे झाड पानांतून मोजतं. ती सही दरवर्षी ठरल्या तारखेला होते, सूर्याची बदली होत नाही. दुसरी सही थंडीची, आणि हल्ली ते साहेब जागेवर नसतात. मग काही झाडं अडून बसतात, काही एका सहीवरच पुढे जातात, आणि काही दोन्ही साहेबांचे वेगवेगळे शेरे वाचून गोंधळतात.

शेवंती घ्या. ती पहिल्या सहीची. रात्री लांबल्या की कळी धरते, म्हणून दसरा-दिवाळीपासून तिचा हंगाम. पण कळी धरायच्या दिवसांत उष्णता असेल तर कळी लांबते, आणि उमलली तरी रंग फिका. लाल-जांभळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते उष्णतेत कमी बनतं. नर्सरीवाल्याने मरून सांगून दिलेलं रोप घरी येऊन विटक्या गुलाबी रंगाचं फुलतं, आणि आपण त्याच्याशी भांडायला जातो. तो बिचारा खरं बोललेला असतो. त्यातून सोसायटीने चोरांसाठी लावलेला दहा हजार वॅटचा वाटावा असा दिवा शेवंतीच्या डोक्यावर रात्रभर जळत असेल, तर तिच्या लेखी रात्र होतच नाही. पहिली सहीसुद्धा गेली. चोर येत नाहीत, फुलंही येत नाहीत.

गुलाबाची छाटणी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. साधारण दीड महिन्याने फुलं. हिशेब असा की फूल उमलेल तेव्हा थंडी असेल, कळी हळूहळू उघडेल, पाकळ्या भरपूर असतील. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे भरतं ते काही उगाच नाही. गुलाबाने नटून बसायचे तेच दिवस. उबदार डिसेंबरात कळी सकाळी दिसते, दुपारी उघडते, संध्याकाळी मान टाकते. पाकळ्या मोजक्या, आकार लिंबाएवढा. पानं उलटून बघा, खालून बारीक जाळी आणि लालसर ठिपके हलताना दिसतील. लाल कोळी. गारठ्यात यांची पिढी वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, तिशीच्या उन्हात आठवड्याभरात नातवंडं तयार.

जास्वंदीची गोष्ट याहून रंगतदार, म्हणजे वाईट. कळीच्या देठापाशी, जिथे हिरवी पाकळी देठाला चिकटते तिथे, कापसाचा बारीक पुंजका दिसतो. नखाने दाबलं की पिवळट पाणी आणि बोट चिकट. हाच तो पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात. मुंग्यांची रांग त्याच्याकडे जाते, पण त्याला खायला नव्हे. तो सोडतो तो गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात, एका फांदीवरून उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊनही ठेवतात. गार रात्री या धंद्याला थोडी खीळ घालायच्या. आता बारा महिने दुकान उघडं. त्यावर आपला इलाज काय? वर पाचव्या मजल्यावरच्या एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं या जास्वंदीवर गरम वारा सोडेल असं बसवायचं.

आंबा मात्र सगळ्यात गंभीर प्रकरण, आणि तिथे आपल्याला थांबून बघायला हवं. कोकणात पाऊस हल्ली ऑक्टोबर संपला तरी पाय काढत नाही. जमिनीत ओल राहते आणि कलमांना पालवी फुटते. तांबूस, कोवळी, लोंबणारी. मुंबईहून आलेला पाहुणा ‘काय सुंदर!’ म्हणत फोटो काढतो, आणि बागायतदार कपाळाला हात लावतो. कारण ती पालवी जून झाल्याशिवाय मोहोर नाही. ती जून होईपर्यंत थंडीचे दिवस निघून जातात. आणि जून झाली तरी थंडी हवीच: रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास, तोही एखाद-दुसरी रात्र नव्हे, सलग काही दिवस.

थंडीची नोंद फांदीच्या टोकाचा डोळा, म्हणजे अंकुर, घेत नाही; जून पानं घेतात. गार रात्रींत पानांमध्ये मोहोराचा निरोप तयार होतो आणि अन्नरसाबरोबर डोळ्यापर्यंत पोचतो. डोळा फुगायला लागतो त्या दिवसांत निरोप पोचला तर मोहोर, नाही पोचला तर पालवी. आणि अर्धवट पोचला तर? तर तेही होतं. अशी डहाळी हातात घेऊन बघण्यासारखी असते. मोहोराचा दांडा सरळ वर आलेला, त्यावर बारीक पिवळट-हिरव्या फुलांच्या काड्या, आणि त्याच काड्यांच्या बुडाशी, जिथे एरवी पान नसतं तिथे, इवली तांबूस पानं. अर्धा मोहोर, अर्धी पालवी. झाडाने दोन्ही हुकूम पाळून टाकले.

एका सोसायटीच्या आवारात जुना आंबा आहे. तिथला संवाद असा.

‘साहेब, आंब्याला पालवी आलीये.’

‘वा वा! म्हणजे वसंत आला म्हणायचा.’

‘वसंत नाही साहेब, मोहोर गेला.’

साहेबांनी तरीही पालवीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली शिशिर आणि वसंत यांवर एक चारोळीही होती. ती इथे देत नाही, सदराची जागा मर्यादित आहे.

मोहोर आला म्हणजे सुटलो असंही नाही. ढगाळ हवा आणि उबदार रात्र म्हणजे तुडतुड्यांची जत्रा. ते मोहोराचा रस शोषतात, त्यांचा चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. भुरी, करपा, फुलकिडे हे बाकीचे मानकरी. एकेका ढगाबरोबर एकेक फवारणी, आणि औषधाची किंमत बागायतदाराच्या खिशातून. यातून कणी, म्हणजे बारीक फळ, धरली, वाटाण्याएवढी झाली, आणि मग, आता गरज नसताना, फेब्रुवारीत थंडीला अचानक आठवण होते. दोन-चार रात्री कडक गारठा. त्याच फांदीला पुन्हा मोहोर. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची कणी खाली गळते. याला पुनर्मोहोर म्हणतात. ऐकायला शुभ, हिशेबाला अशुभ.

आता यावर शास्त्राची धावपळ बघा. पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार घालतात. त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल झाडातलं जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक दाबतं, म्हणजे झाड पालवी सोडून मोहोराकडे वळेल. आणि हिवाळ्यात पुनर्मोहोर येऊ नये म्हणून फवारायचं काय, तर जिबरेलिक ॲसिड. तेच संप्रेरक! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या दोन्ही शिफारशी आपापल्या जागी बरोबर आहेत, शास्त्रज्ञांची यात चूक नाही. थंडीने फुकट करायचं काम माणसाला पदरचे पैसे घालून, आधी एका बाजूने आणि मग उलट्या बाजूने, करावं लागतंय एवढंच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. भूगोल कागदावर पक्का झाला, हवामानाचं मानांकन कोण देणार?

आणि तरी पेपरात काय येतं? ‘हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात दाखल!’ पेटीला हार, नारळ, आणि हजारांतला दर. अवेळी मोहरलेल्या एखाद्या कलमावरची ती फळं. बाकीची बाग अजून पालवी मोजतेय हे बातमीत नसतं. विदर्भातल्या संत्र्याचीही हीच कथा, थोडक्यात सांगतो: आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात, सोबत थंडी असेल तर तो ताण बसतो. थंडी नाही, वर अवकाळी पावसाची सर, म्हणजे ताण तुटला. शेतकऱ्याला मात्र बसला.

थंड देशांत तरी ठीक असेल असं वाटतं ना? तिथली झाडं याहून जास्त थंडीवर अवलंबून. सफरचंद, चेरी, ट्युलिप, पिओनी यांना हिवाळ्यात शून्य ते सात अंशांच्या दरम्यानचे तास मोजून लागतात. सफरचंदाच्या बऱ्याच जुन्या जातींना हजाराच्या घरात. तेवढे तास भरले की झाड जागं व्हायला मोकळं, मग ते फक्त ऊब येण्याची वाट बघतं. गोची इथेच होते. तास भरलेत आणि ऊब भलत्याच वेळी आली, तर कळ्या उघडतात. मागून पुन्हा हिम पडतं आणि उघडलेली कळी जळते. अमेरिकेत मिशिगनमध्ये २०१२ च्या मार्चमध्ये असंच झालं. ऐन मार्चात उन्हाळ्यासारखी हवा, झाडं फुलली, एप्रिलमध्ये गोठवणाऱ्या रात्री परत आल्या आणि राज्यातलं आंबट चेरीचं आणि सफरचंदाचं सुमारे नव्वद टक्के पीक गेलं. अंगणातल्या हायड्रेंजियाचं दुखणंही तेच: ती पुढच्या उन्हाळ्याच्या कळ्या जुन्या फांदीवर आदल्या वर्षीच धरून ठेवते. त्या एकदा जळल्या की वर्षभर नुसता पाला. बर्फ कमी पडण्याचंही दुःख आहे तिकडे, कारण जमिनीवरच्या बर्फाच्या थराखाली झाडांचे कंद उबेत असतात; तो थर नसला की उघडी माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि मुळं वर उचलली जातात. तेव्हा लंडनहून मावसभावाने जानेवारीत डॅफोडिलचा फोटो पाठवला तर त्यालाही अंगठा देण्यापूर्वी विचार करा.

आपली मंडळी मात्र हार मानणारी नाहीत. पुण्यात आंबा फसतोय ना, मग सफरचंद लावू! हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली, त्यासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. काम मोठं आहे. पण त्याचा अर्थ कोथरूडच्या गॅलरीत रंगाच्या डब्यात काश्मीर उगवेल असा लावू नये. झाड विकणारा ‘साहेब, तिसऱ्या वर्षी फळ’ म्हणतो तेव्हा तो ही जात शोधणाऱ्याच्या श्रमांवर आपलं दुकान चालवत असतो.

आता करायचं काय, असं विचाराल. पहिलं म्हणजे, घाबरून काही घालू नका. गोंधळलेल्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत युरिया किंवा नत्राचं खत देणं म्हणजे आणखी पालवी मागवणं. कुंडीतल्या आंब्याला कल्टार घालायचा सल्ला कुणी व्हिडिओत देत असेल तर व्हिडिओ बंद करा. ते औषध मातीत बराच काळ टिकतं आणि कुंडीत माती असते किती? मोगऱ्याला चार कळ्या आल्या असतील तर त्या खुडून देवाला वाहा आणि कात्री चालवा. जास्वंदीवरचा पिठ्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मुंग्यांची वाट तोडा, निम्मं काम होतं. कुंडीत वाळक्या पानांचं आच्छादन टाका. ती पानं सोसायटीत रोज सकाळी झाडून, ढीग करून, पेटवली जातात, तेव्हा माल फुकट आहे. फक्त काडी लागण्याच्या आधी पोचा. आणि तो शेवंतीवरचा दिवा रात्री बंद ठेवायचा ठराव पुढच्या वार्षिक सभेत मांडा. पास होणार नाही, पण इतिवृत्तात नोंद राहील.

दुसरं काम याहून सोपं आणि जास्त मोलाचं. आपल्याकडे झाडं कधी फुलली याच्या जुन्या नोंदी फारशा नाहीत. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा जुन्या रोजनिशांमधून बाराशे वर्षांपर्यंत मागे नेता येतात, म्हणून २०२१ मध्ये २६ मार्चला पूर्ण बहर आला तेव्हा त्यांना छातीठोक सांगता आलं की इतक्या लवकर कधीच आला नव्हता. आपण फार तर ‘आमच्या लहानपणी बहावा परीक्षा संपल्यावर फुलायचा’ एवढंच सांगतो, आणि आमच्या लहानपणी परीक्षा कधी संपायची यावर वाद घालतो. सीझनवॉच नावाचा देशभराचा नागरिकांचा उपक्रम आहे. आपल्या ओळखीचं एक झाड धरायचं आणि दर आठवड्याला बघून पालवी, फूल, फळ याची नोंद कळवायची. आंबा, बहावा अशी नेहमीची झाडं त्यात आहेत. एवढंही जमत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग दूध आणि पेपरच्या खाड्यांपलीकडे करा. झाडाचं नाव लिहा, पहिली कळी कधी दिसली ती तारीख लिहा, आणि डिसेंबर संपला म्हणून ते कॅलेंडर रद्दीत घालू नका.